पॅकेजमधली सीए-१२५ आणि तुमची मावशी : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, "महिला दिनाच्या आरोग्य-तपासणी पॅकेजमधली सीए-१२५ करू नका असं सांगून तुम्ही नाशिकच्या बायकांना वाऱ्यावर सोडलंत. माझी आई अंडाशयाच्या कॅन्सरने शेहेचाळिसाव्या वर्षी गेली," असं तुम्ही लिहिलंत. तुमचा राग मला कळतो. तरीही काहीच त्रास नसलेल्या बाईने सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरच्या शोधासाठीची ही रक्ततपासणी, करू नये, या मतावर मी ठाम आहे.

ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या दोन लाखांहून अधिक बायकांवर हे तपासून झालंय. काहींची दरवर्षी रक्ततपासणी, काहींची सोनोग्राफी, बाकीच्यांची काहीच नाही. २०२१ साली अंतिम निष्कर्ष आले. रक्ततपासणीच्या गटात आजार थोडा लवकर सापडला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या अभ्यासात तर कॅन्सर नसलेल्या १,०८० बायकांची चुकीच्या इशाऱ्यामुळे शस्त्रक्रिया झाली.

सीए-१२५ हा आकडा ३५ च्या पुढे गेला की रिपोर्टवर ठळक छापून येतो. तो पाळीत वाढतो, फायब्रॉइडने (गर्भाशयातल्या साध्या गाठीने) वाढतो, पोटाच्या टीबीनेही वाढतो. सिन्नरची एक तिशीतली बाई माझ्यासमोर त्या ठळक आकड्यावर बोट ठेवून रडत होती, मुलांचं कसं होणार म्हणून. निघाली चॉकलेट सिस्ट, म्हणजे अंडाशयातली जुन्या रक्ताची गाठ, कॅन्सर नव्हे. उलट सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या जणींचा रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि तोच मला जास्त घातक वाटतो.

त्रास असेल तर गोष्ट वेगळी. पोट सारखं फुगतंय, दोन घासांत भरतंय, लघवीला वारंवार जावं लागतंय आणि हे नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे झालेत, तर गॅसची गोळी घेत बसू नका. तेव्हा सोनोग्राफी आणि सीए-१२५ दोन्ही मीच लिहून देते.

पण ताई, मावशीला स्तनाचा कॅन्सर झाल्याचं तुम्ही ओघात लिहून गेलात. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. आई आणि मावशी, दोघींचा आजार एकाच बिघडलेल्या जनुकातून आलेला असू शकतो. बीआरसीए-१ नावाच्या जनुकात दोष असेल तर अंडाशयाच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका शंभरात चाळीसच्या आसपास जातो. एरवी तो जेमतेम एक असतो. अशा बाईला मुलंबाळं झाल्यावर, पस्तिशी-चाळिशीच्या दरम्यान, बीजनलिका आणि अंडाशय काढण्याचा सल्ला देतात. त्याने धोका खरोखर खूप कमी होतो.

मावशी हयात असतील तर जनुकचाचणी आधी त्यांची करा. दोष सापडला तर मग तुमची, आणि भावाचीही, कारण तो मुलाकडेही येतो. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये यासाठी समुपदेशन मिळतं. पंचवटी एक्स्प्रेसने गेलात तर त्याच रात्री घरी परत. जाताना मावशीच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आणि आईची जुनी फाइल तेवढी सोबत न्या.