उताराची जमीन आणि मोबाईलवाले सर्व्हेयर

"सर्व्हेयरला पैसे कशाला? मोबाईल घेऊन जमिनीच्या कडेने चाला, ॲप क्षेत्रफळ सांगेल. उताराची जमीन टेप जमिनीला टेकवून मोजा, म्हणजे सर्व्हे प्लॅनने तुमची किती जमीन गिळली ते कळेल. दिशा मोबाईलच्या कंपासने बघा. स्क्रीनशॉट कोर्टात चालतो." हा मेसेज फिरत फिरत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या आमच्या मामांकडे पोचला. त्यांनी कुळागराच्या (पोफळी-माडांच्या बागेच्या) वरच्या अंगाला टेप लावली आणि 'माझी उरलेली जमीन' मागायला थेट शेजाऱ्याच्या दारात! काल-परवापर्यंत गडग्याच्या, म्हणजे हद्दीवरच्या दगडी कुंपणाच्या, दोन बाजूंना उभे राहून गप्पा मारणारे दोघे आता एकमेकांकडे बघत नाहीत.

तेव्हा आधी उताराचंच घेऊ, कारण यापेक्षा मोठा मूर्खपणा त्या मेसेजमध्ये नाही. जमिनीचं क्षेत्रफळ आडव्या पातळीत मोजतात. गोव्यातच नव्हे, सगळीकडे. ३० अंशांच्या चढावर टेप जमिनीला चिकटवून १०० मीटर भरले, तर आडवं अंतर साधारण ८६.६ मीटर असतं. मधले १३.४ मीटर कोणी खाल्लेले नाहीत, ते चढात गेले. चढ १० अंशांचा असेल तर फरक जेमतेम दीड मीटर. म्हणून तर उतारावर टप्प्याटप्प्याने मोजतात: टेप आडवी ताणून धरायची, तिच्या टोकाकडून ओळंबा सोडायचा, तो टेकेल तिथे खुंटी मारायची आणि तिथून पुढचा टप्पा. आता सर्व्हेयरचं टोटल स्टेशन नावाचं इलेक्ट्रॉनिक यंत्र हा हिशेब स्वतःच करतं. पोफळ उतारावर लावली तरी सरळ आभाळाकडेच वाढते आणि घराची जमीन सपाटच करावी लागते, मग तिरप्या मापाचे जास्तीचे मीटर घेऊन करायचं काय? शिवाय शेजाऱ्यानेही तशीच टेप टेकवली, तर त्याचीही जमीन वाढणार. डोंगर तेवढाच राहणार.

ॲपचं म्हणाल तर जीपीएस चालवणाऱ्या अमेरिकन सरकारचं अधिकृत संकेतस्थळच सांगतं की स्मार्टफोनची अचूकता उघड्या आभाळाखाली साधारण ४.९ मीटर त्रिज्येची असते आणि इमारती, झाडं यांच्याजवळ ती आणखी बिघडते. कुळागरात उघडं आभाळ कुठून आणायचं? १५ बाय २० मीटरचा, म्हणजे ३०० चौरस मीटरचा प्लॉट घ्या. चारही बाजू दोन-दोन मीटर बाहेर सरकल्या तर ४५६ चौरस मीटर, आत सरकल्या तर १७६. कधी कधी सगळे बिंदू एकाच दिशेला सरकतात, मग क्षेत्रफळ जवळपास बरोबर येतं. फक्त हद्द शेजाऱ्याच्या माडांत गेलेली असते!

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. सर्व्हेयरही जीपीएस वापरतात. पण त्यांचा एक रिसीव्हर ठाऊक असलेल्या बिंदूवर उभा असतो आणि त्याच्यावरून दुसऱ्याची चूक काढली जाते, म्हणून माप सेंटिमीटरपर्यंत येतं. खिशातला फोन म्हणजे ते नव्हे. आणि हो, सर्व्हे प्लॅनही काही ब्रह्मवाक्य नाही. १:१००० च्या प्लॅनवर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. पण अर्धा मीटर वेगळा आणि मामांची मागणी वेगळी.

कंपासबद्दल जास्त काय लिहायचं? चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर एक नसते, त्यात जवळ लोखंडी गेट असलं की सुई भलतीकडे. एका अंशाची चूक १०० मीटरवर पावणेदोन मीटर होते.

स्क्रीनशॉट दाखवून हद्द ठरत नाही. गोव्याच्या १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १०५ नुसार हक्कनोंदणीतली नोंद, म्हणजे आपला एक-चौदा, उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्याने मालकीचा वाद मिटतोच असं नाही, पण ती खोडायला फोनवरचं चित्र पुरत नाही. (मेसेजमध्ये 'सातबारा काढा' असंही आहे. सातबारा महाराष्ट्रातला, तेव्हा मेसेज घाटावरून आलाय हे तिथेच कळतं.) शंका असेल तर एक-चौदा आणि सर्व्हे प्लॅन काढा, तालुक्याच्या सर्व्हे कार्यालयात डिमार्केशनचा, म्हणजे हद्द आखून देण्याचा, अर्ज करा आणि मापणीच्या दिवशी शेजाऱ्याला सोबत उभं करा. तोवर मामांनी गडग्याच्या पलीकडे रोवलेल्या खुंट्या काढून घ्याव्यात.