सायकल ट्रॅक जरूर आखा, पण रात्रपाळीच्या वॉचमनला विचारून

सकाळी सहा-साडेसहाला सातारा रस्त्यावर पद्मावतीच्या आसपास थोडा वेळ उभं राहिलात, तर दोन तऱ्हेच्या सायकली दिसतील. एक कात्रज घाटाकडे निघालेल्या. डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे, मागे लुकलुकणारा लाल दिवा. दुसऱ्या कडेकडेनं जाणाऱ्या, बिनगिअरच्या, उंच दांडीच्या. हँडलला डब्याची पिशवी, कॅरियरला दोरीनं आवळलेला रेनकोट. रात्रपाळी संपवून घरी चाललेले वॉचमन, मार्केट यार्डात हमालीला निघालेले, पेपरची लाईन टाकणारी मुलं, सोसायट्यांमधल्या गाड्या पुसायला जाणारे. पुण्यात सायकलचा विषय निघाला की बोलणं होतं ते पहिल्यांबद्दल. मला दुसऱ्यांबद्दल लिहायचंय. हे शहर सायकलसाठी चांगलं की वाईट, हे ठरवायचा पहिला हक्क त्यांचा आहे असं माझं ठाम मत आहे.

घाटात जाणाऱ्यांवर माझा राग नाही. उलट, पहाटे उठून खेड शिवापूरपर्यंत जाऊन येणारी मंडळी माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांचं मला कौतुक आहे. २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूरची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तेव्हा परदेशी सायकलपटूंना आपल्या रस्त्यांवरून जाताना बघून मलाही भरून आलं होतं. शर्यतीच्या मार्गावरचे रस्ते त्यानिमित्तानं गुळगुळीत झाले. मनात आणलं तर रस्ता सायकलसाठी नीट करता येतो, हे त्यातनं सगळ्यांना दिसलं. मग हेच लक्ष रोज सायकलवर कामाला जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला का येऊ नये?

पुणे हे सायकलींचं शहर होतं, असं आपण अभिमानानं सांगतो. डबल सीट दिसली की पोलीस पकडायचा, म्हणून चौक आला की मागच्यानं उडी मारायची. दिवा नसला तर दंड. नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला सायकलला लावायचा. स्वतःची सायकल नसेल तर तासावर भाड्यानं मिळायची. हे सगळं आपल्या घरातल्या मोठ्यांनी आपल्याला रंगवून रंगवून सांगितलेलं आहे. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, तिथे त्या काळच्या सायकली, दिवे आणि बिल्ले बघायला मिळतात. मुलांना घेऊन जरूर जा.

पण त्या काळातली एक गोष्ट आपण सांगायची विसरतो. तेव्हा सायकल सगळ्यांची होती. कॉलेजातले प्राध्यापक आणि तिथलेच शिपाई एकाच स्टँडला सायकल लावायचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार सायकलवर, कलेक्टर कचेरीतले कारकून सायकलवर, नऊवारी नेसलेल्या बायकाही सायकलवर. रस्ता खराब झाला, दिवा बंद पडला, तर त्याची तक्रार करणाऱ्यांत लिहिता-वाचता येणारे, पेपरात पत्र पाठवणारे, नगरसेवकाच्या ओळखीतले लोक असायचे. मग १९७२ साली लूना आली, त्याच साली बजाजची चेतक आली. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, पण नंबर लागला की सायकल विकून टाकायची. ज्याला जमलं तो उतरला. ज्याला नाही जमलं तो राहिला, आणि त्याच्याबरोबर सायकलची बाजू मांडणारंही कुणी राहिलं नाही. २०१८ साली बातमी आली की पुण्यात वाहनं माणसांपेक्षा जास्त झाली. त्या मोजणीत सायकल धरलेली नसते, कारण तिची नोंदणीच होत नाही. सायकलवरचा माणूस कागदावर कुठे उमटतच नाही.

कागद मात्र चांगले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात स्पष्ट लिहिलंय की रस्त्यावरून माणसं नीट गेली पाहिजेत, नुसती वाहनं नव्हेत. त्याच वर्षी डिसेंबरात स्वारगेट-कात्रज आणि स्वारगेट-हडपसर मार्गांवर बीआरटी, म्हणजे बससाठी राखलेली वेगळी लेन, आली आणि तिच्या कडेनं सायकल ट्रॅक आले. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेनं शहराचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आठशेहून जास्त किलोमीटरचं जाळं त्यात दाखवलंय. भारतात किती शहरांकडे असा आराखडा आहे? तो करणाऱ्यांनी मेहनत घेतलीय आणि मी त्याच्या बाजूनं कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

अडचण सुरू होते ती ट्रॅकवर चाक टेकल्यावर.

मी टिळक रस्त्याजवळ नोकरी करते. सकाळी स्वारगेटपर्यंत उतार असतो, संध्याकाळी तोच चढ होऊन समोर येतो. ट्रॅक बऱ्याच ठिकाणी पेव्हर ब्लॉकचा. ब्लॉक खचले की गचके मनगटापासून खांद्यापर्यंत जातात. ट्रॅकच्या तोंडाशी मोटरसायकली घुसू नयेत म्हणून खांब रोवलेले. त्यातून माझी सायकल जाते, पण दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेला पेपरवाला अडकतो आणि मोटरसायकलवाला फुटपाथवरून वळसा घालून आत येतोच. पुढे विजेची डीपी (पेटी), त्याच्या पुढे बसस्टॉपचा मागचा भाग, मग टपरी. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक खाली उतरतो, तिथला उतार नीट नसला की मागच्या चाकाला दणका बसतो. कॅरियरवर काही नसेल तर माणूस सोसतो. कॅरियरवर चहाची मोठी किटली आणि थर्मास असेल तर त्याला उतरून सायकल हातात धरावी लागते. दर दोनशे-तीनशे पावलांवर असं उतरावं लागलं की तो ट्रॅक सोडतो आणि बसच्या शेजारून जायला लागतो. मग गाडीतले लोक म्हणतात, एवढा ट्रॅक दिलाय तरी हे रस्त्यावरच!

आमच्याकडे एक सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेली एक पेटी, वर ताडपत्री, बाजूला हवा भरायचा पंप. तिथले मामा पंक्चर काढतात ते मी कितीतरी वेळा बघत बसलेय. दोन पाने घालून टायर रिमवरून सोडवायचा, ट्यूब ओढून काढायची, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात एकेक वीत बुडवत न्यायची. बुडबुडा आला की तिथे काडीनं खूण. मग कानशीनं ती जागा घासायची, सोल्यूशन लावून फुंकर मारायची, तुकडा चिकटवून वरून ठोकायचं. हे झाल्यावर मामा एक गोष्ट करतात जी मला फार आवडते. टायरच्या आतून बोट फिरवून काच किंवा खिळा अजून रुतलाय का ते बघतात. चाक परत बसवलं की ते गरकन फिरवतात, आऊट आहे का, म्हणजे डगमगतंय का, बघतात, असला तर दोन-तीन स्पोक आवळतात. त्याचे पैसे वेगळे मागत नाहीत.

एकदा मी विचारलं, "मामा, हल्ली स्पोक तुटलेल्या सायकली फार दिसतात?"

"ताई, ज्या ट्रॅकवरनं येतात ना, त्यांचे तुटतात. डांबरावरनं येणाऱ्यांचे टायर झिजतात, पण स्पोक राहतात."

कुठल्या चौकानंतर सायकली जास्त येतात, कुठे पावसाळ्यात रिम वाकते, कुठल्या जाळीत चाक अडकून दोन माणसं पडली, हे सगळं मामांना पाठ आहे. पावसाचं पाणी जाणाऱ्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याला समांतर असल्या की सायकलचं बारीक चाक सरळ आत जातं. त्याच पट्ट्या आडव्या बसवल्या की काही होत नाही. यात पैशाचाही प्रश्न नाही, जाळी फिरवून बसवायची आहे. आराखड्याच्या नकाशावर हे दिसणार नाही. ते दिसतं त्या घमेल्याशेजारी.

आडरानात वाढलेल्या मुलींची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. आपल्याच राज्यात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. त्या सायकलवर शिकलेल्या मुली पुढे पुण्यात शिकायला येतात. माझ्या ऑफिसात अशी एक आहे. गावी रोज चार किलोमीटर जायची-यायची, बरोबर मैत्रिणींचा घोळका. पुण्यात आल्यावर तिनं सायकल घेतलीच नाही. "इथं भीती वाटते, ताई," म्हणाली. जिनं कच्च्या रस्त्यावर, पावसात, शेतातून सायकल मारली तिला जंगली महाराज रस्त्याची भीती वाटावी, याचं मला अतिशय वाईट वाटतं.

सायकल लावायची कुठे, हा तर वेगळाच जाच. पुण्याच्या जुन्या बांधकाम नियमावलीत पार्किंगच्या तक्त्यात कार, स्कूटर आणि सायकल असे तीन रकाने असायचे. नकाशात सायकलची जागा दाखवलेली असायची. प्रत्यक्षात त्या जागेत आज दुसरी कार उभी असते. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना सायकल गेटबाहेर लावायला सांगतात. आत "शोभा जाते" म्हणे. बाहेरून ती चोरीला गेली. चार-साडेचार हजारांची सायकल गेली म्हणजे त्या घरात महिन्याचं गणित कोलमडतं. त्या आता पायी येतात, चार घरांऐवजी तीनच घरं होतात. आता मला सांगा, यात महापालिकेची, सरकारची, कुणाची वाट बघायची आहे? सोसायटीच्या पुढच्या सभेत एक ठराव करायचा, भिंतीत चार लोखंडी कड्या बसवायच्या आणि सायकल आत घ्यायची. तुमच्या सोसायटीत असं असेल तर कृपा करून हे कराच.

एकदिशा रस्त्यांबद्दलही बोललं पाहिजे. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता, फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता, लक्ष्मी रस्ता आणि कुमठेकर रस्ता. या जोड्या केल्या मोटारींची कोंडी फुटावी म्हणून. मोटारीला एका किलोमीटरचा वळसा म्हणजे दोन मिनिटं. पायानं चाक फिरवणाऱ्याला, त्यातही मागे ओझं असेल तर, तो वळसा जड जातो. म्हणून तो उलटा येतो, शिव्या खातो, कधी धडकतो. उलटं येणं धोक्याचंच आहे, मी त्याचं समर्थन करत नाही. पण अशा रस्त्यांवर एका कडेला सायकलसाठी उलट्या दिशेची अरुंद पट्टी देता येते. आज त्याच कडेला दुतर्फा पार्किंगपैकी एक रांग उभी असते. ती रांग हलवायची हिंमत लागेल, बाकी काही नाही.

२०१७-१८ मध्ये भाड्याच्या सायकली आल्या तेव्हा मी खूप आनंदले होते. औंध आणि विद्यापीठापासून सुरुवात झाली. पेडल, ओफो, मोबाईक, युलू अशी नावं आली. मोबाईलवर कुलूप उघडायचं आणि निघायचं. वर्ष-दोन वर्षांत बहुतेक गायब झाल्या. काही मोडल्या, काही चोरीला गेल्या, कंपन्यांनी गाशा गुंडाळला. लोकांना शिस्त नाही असा निष्कर्ष सगळ्यांनी काढला. मला वाटतं, ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही आणि ज्याला रोज सायकल लागतेच, तो त्या योजनेत कुठेच नव्हता. त्याला हवी होती स्वतःची सायकल स्वस्तात आणि ती लावायला जागा. २०२५ च्या सप्टेंबरात सायकलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला, ही माझ्या दृष्टीनं त्याच्यासाठी खरी कामाची बातमी.

लोक म्हणतात, हिंजवडी ते हडपसर सायकलनं कोण जाणार? कुणीच जाऊ नये. त्यासाठी बस आणि मेट्रो हवी. पण मुलीची शाळा, मंडई, दवाखाना, मेट्रोचं स्टेशन, कामाचं घर हे अंतर दोन-चार किलोमीटरचं असतं आणि तेवढ्यासाठी आज घरटी दोन दुचाक्या लागतात. पावसाचं म्हणाल तर चार महिने रेनकोट स्कूटरवरही घालावाच लागतो. धुराचं म्हणाल तर तो खरा आहे, मलाही त्रास होतो. पण तो धूर सायकलचा नाही.

आता एक विनंती. महापालिका दरवर्षी अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून आपल्या भागातली छोटी कामं मागवते. फॉर्म क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात. यंदा मी दोन कामं लिहिणार आहे: आमच्या भागातल्या जाळ्या आडव्या करून बसवणं आणि भाजी मंडईबाहेर सायकल लावायला लोखंडी कड्या. दुरुस्तीवाल्या मामांना बरोबर नेणार आहे, कारण कुठल्या जाळ्या ते त्यांनाच नेमकं माहितीये. तुमच्या भागातल्या जाळ्या आणि मोडके उतार बघून ठेवा, फोटो काढा, तुमच्याकडे येणाऱ्या पेपरवाल्याला, वॉचमनला, मावशींना विचारा आणि कमेंटमध्ये चौकाचं नाव लिहा. सहकारनगर, धनकवडी, बिबवेवाडी या भागातले असाल तर फॉर्म भरायला आपण एकत्रच जाऊ.