‘वायफाय कनेक्टेड पण इंटरनेट नाही’ वाला तो मेसेज : एकेक मुद्दा घेऊन सांगते काय चुकलंय

गेले काही महिने एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, सोसायटीच्या, शाळेच्या, माहेरच्या पण. मला तो चार वेगवेगळ्या लोकांकडून आलाय. मजकूर थोडक्यात असा : लॅपटॉपला वायफाय कनेक्ट दाखवतंय पण नेट चालत नाही? मोबाईलवर नेट चालत असेल तर दोष लॅपटॉपचाच. रिपेअरवाल्याला पैसे देऊ नका. राऊटरला मागून पिन टोचून रिसेट करा, डीएनएस ८.८.८.८ टाका, फायरवॉल आणि अँटीव्हायरस बंद करा, खाली दिलेल्या कमांड ॲडमिनमध्ये पेस्ट करा, आणि तरी नाही झालं तर विंडोज फॉरमॅट करा नाहीतर वायफाय कार्ड बदला. १००% खात्री.

मी साताऱ्यात शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळते आणि आजूबाजूच्यांचे लॅपटॉप बघून देते, त्यामुळे या मेसेजनं केलेलं नुकसान माझ्याच दारात येतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय, वेळ काढून वाचा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग बाकीचं आपोआप कळेल. ‘कनेक्टेड’ याचा अर्थ एवढाच की लॅपटॉप आणि तुमच्या घरातला राऊटर यांचं बोलणं होतंय. राऊटरच्या पुढे फायबर आहे, खांबावरची पेटी आहे, नेटवाल्याचं ऑफिस आहे, तिथून पुढे सगळं जग. वायफायच्या फुल्ल कांड्या म्हणजे हॉलमधून बेडरूमपर्यंतची रेंज, पुढच्या रस्त्याबद्दल त्या काहीच सांगत नाहीत. नळ आहे, नळाला पाइप आहे, पण टाकीतच पाणी नाही, असं समजा.

आणि ते ‘नो इंटरनेट’ विंडोज ठरवतं कसं? विंडोज मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरची एक छोटीशी टेक्स्ट फाईल मागवतं, त्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढे तीनच शब्द असतात. ते तीन शब्द जसेच्या तसे आले की इंटरनेट आहे, नाही आले की पृथ्वीगोलाचं चिन्ह नाहीतर पिवळा त्रिकोण. ही पद्धत विंडोजच्या व्हिस्टा या जुन्या आवृत्तीपासून आहे. म्हणजे ते चिन्ह एका छोट्या चाचणीचा निकाल आहे आणि तो निकाल चुकू पण शकतो. २०२० च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटनंतर नेमकं हेच झालं होतं, ब्राउझरमध्ये साईट व्यवस्थित उघडायच्या पण खाली ‘नो इंटरनेट’, आणि स्पॉटिफायसारखी काही ॲप त्या चिन्हावर विश्वास ठेवून चालायलाच तयार नव्हती. म्हणून चिन्ह दिसलं तरी आधी ब्राउझर उघडून एखादी साईट टाकून बघा.

आता मेसेजमधले मुद्दे.

‘मोबाईलवर नेट चालतंय म्हणजे लॅपटॉपच खराब.’

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात आणि त्यांचा दोष नाही, कारण फोन सांगतच नाही. वायफायला नेट नसेल तर आजकालचा फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातो. वर वायफायचा पंखा दिसत राहतो (अँड्रॉइडवर त्याच्या शेजारी बारीकसं उद्गारचिन्ह येतं, बघतं कोण), व्हॉट्सॲप चालतं, व्हिडिओ चालतो, आणि आपण म्हणतो फोनला येतंय की. लॅपटॉपला सिमच नाही, तो बिचारा जाणार कुठे.

म्हणून चाचणी अशी करा. फोनचा मोबाईल डेटा पूर्ण बंद, वायफाय चालू, आणि मग आधी कधीच न उघडलेली एखादी साईट उघडा, कारण जुन्या साईट साठवलेल्या पानावरून अर्धवट दिसतात. आता फोनला पण नेट नाही ना? मग लॅपटॉपला हात लावू नका, दोष राऊटरमध्ये किंवा त्याच्या पुढे आहे. फोनला येतंय? तर उलटी चाचणी, फोनचं वायफाय बंद, मोबाईल डेटा परत चालू, आणि फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्याला जोडा. हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालला तर त्याचं कार्ड, विंडोज, ब्राउझर सगळं ठीक आहे, घरच्या वायफायशी त्याचं काहीतरी बिनसलंय एवढंच. पाच मिनिटांची गोष्ट आहे ही, आणि निम्म्याहून जास्त घरात मला पुढे काही करावंच लागत नाही.

‘राऊटरला पिन टोचून रिसेट करा.’

हा सल्ला वाचला की मला खरंच राग येतो. मागच्या मार्चमध्ये शनिवारी संध्याकाळी आमच्या समोरच्या काकू आल्या, ‘अगं, नेट गेलंय बघ, मेसेजात लिहिलंय ते सगळं केलं मी, तरी येईना.’ मुलाचा सोमवारी सकाळी दहाला व्हिडिओवर इंटरव्ह्यू. मी जाऊन बघितलं तर राऊटरवर लॉस लिहिलेला दिवा लाल, टुकटुक करतोय. एल-ओ-एस असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, लाल म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. गल्लीच्या तोंडाला गटारीचं काम चालू होतं, जेसीबीनं केबल तोडली होती, सगळ्या गल्लीचंच नेट गेलं होतं. काकूंच्या घरी कोणाचाच काही दोष नव्हता.

रविवारी दुपारी नेटवाल्यांच्या पोरांनी वायर जोडली, लाल दिवा विझला, सगळ्या गल्लीला नेट आलं. काकूंकडे नाही आलं. कारण ती पिन. दहा सेकंद पिन दाबून धरली की राऊटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो, वायफायचं नाव आणि पासवर्ड जातोच, पण बऱ्याच कनेक्शनमध्ये पीपीपीओई नावाची पद्धत असते, तिचा युजर आयडी आणि पासवर्ड राऊटरमध्ये भरलेला असतो, काही ठिकाणी व्हीलॅनचा (नेटवाल्याच्या आतल्या वाटेचा) नंबर पण असतो, ते सगळं पुसलं जातं. ते आकडे कनेक्शन देणाऱ्या माणसानं बसवताना भरलेले असतात, घरच्यांना कधी सांगितलेलेच नसतात. रविवारी त्यांचं ऑफिस बंद, फोन उचलत नाहीत. पोरानं इंटरव्ह्यू माझ्याकडे येऊन दिला, आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून, आणि मी कुकर लावायची थांबले होते अकरा वाजेपर्यंत.

रिस्टार्ट आणि रिसेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिस्टार्ट म्हणजे बटण बंद करून किंवा प्लग काढून मिनिटभर थांबायचं, परत लावायचं, दिवे स्थिर होईपर्यंत तीन-चार मिनिटं वाट बघायची. हे बिनधास्त करा, काही पुसलं जात नाही आणि खूपदा याच्यानंच काम होतं. पण आधी दिवे बघा. लॉस लाल असेल तर मागची पिवळी बारीक वायर कुठे कपाटाखाली चेपली किंवा कोपऱ्यात काटकोनात वळली नाही ना ते बघा, आत काच असते, ती दुमडली की प्रकाश जात नाही. ते ठीक असेल तर तक्रार नोंदवा, घरात बसून करण्यासारखं काही नाही. लॉस लाल नाही, पॉन दिवा (फायबर नेटवाल्याशी जोडलं गेल्याचा) स्थिर, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला, तर प्लॅन संपलाय का बघा, रिचार्जची तारीख लोक विसरतात.

आणि आज नेट चालू असतानाच नेटवाल्याला फोन करून तुमचा युजर आयडी, पासवर्ड विचारून घ्या, वहीत लिहून ठेवा.

‘डीएनएस ८.८.८.८ टाका, सगळे प्रॉब्लेम जातात.’

यात थोडं तथ्य आहे म्हणून हा जास्त पसरतो. डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारी डिरेक्टरी. ८.८.८.८ ही गुगलची, २००९ पासून आहे, क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही २०१८ पासून. नेटवाल्याची डिरेक्टरी बंद पडली असेल तर या टाकून खरंच नेट चालू होतं. पण रस्ताच तुटला असेल तर डिरेक्टरी बदलून गाडी कशी जाईल?

कळायचं कसं ते सोपं आहे. काळी कमांडची खिडकी उघडा (स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘सीएमडी’ टाइप केलं की सापडते), ‘पिंग ८.८.८.८’ असं इंग्रजीत टाइप करा. मग ‘पिंग’ पुढे गुगलचं नाव टाकून बघा. नंबरला उत्तर येतंय आणि नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा, बदला खुशाल. दोन्हीला येत नसेल तर डीएनएसला हात लावून उपयोग नाही. आणि बदललात तर लक्षात ठेवा, कारण तोच लॅपटॉप ऑफिसात नेला की आतला सर्व्हर नावानं सापडत नाही, आणि हॉटेलात किंवा कॉलेजात जिथे आधी ओटीपी टाकायचं पान येतं तिथे काही ठिकाणी ते पानच उघडत नाही, परत ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’. काम झालं की ऑटोमॅटिकवर ठेवून द्या.

‘फायरवॉल आणि अँटीव्हायरस बंद करा.’

करू नका. विंडोजची फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये बाहेरून आत येणाऱ्याला अडवते, आतून बाहेर जाणाऱ्याला सोडते, त्यामुळे तुमचं ब्राउझिंग तिच्यामुळे अडायचं कारण फार क्वचित असतं. २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) कोणी काही क्लिक न करताच नुसत्या नेटला जोडलेल्या मशीनमध्ये शिरत होता, त्याच्यानंतर २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून (मोठ्या अपडेटपासून) फायरवॉल आपोआप चालू राहायला लागली. ते कवच आपण एका फॉरवर्डसाठी काढतो आणि परत लावायचं विसरतो. हां, मुदत संपलेला विकतचा अँटीव्हायरस कधीकधी नेट अडवतो हे खरं आहे. तो असेल तर पूर्ण काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप चालू होतो. नुसतं ‘बंद’ करून ठेवू नका.

‘या कमांड ॲडमिनमध्ये पेस्ट करा.’

‘नेटश विनसॉक रिसेट’ ही कमांड खरी आहे. विंडोजमध्ये ॲपना नेटवर्कशी जोडणारी एक नोंदवही असते, जुना व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवून नेणारा प्रोग्राम) किंवा अँटीव्हायरस अर्धवट काढला की त्यात कचरा उरतो, ही कमांड ती वही मूळ स्थितीला नेते, आणि त्यानंतर लॅपटॉप रिस्टार्ट करावाच लागतो, जे मेसेजात लिहिलेलंच नाही. त्याच्याखालची ‘नेटश इंट आयपी रिसेट’ मात्र जपून, ऑफिसच्या लॅपटॉपवर कोणी हातानं आयपी नंबर (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा पत्ता) भरलेला असेल तर तो जातो.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. आपण लोकांना सवय लावतोय की कुठूनतरी आलेली ओळ कॉपी करायची आणि ॲडमिन होऊन, म्हणजे लॅपटॉपचे सगळे अधिकार देऊन, पेस्ट करायची. सध्याची फसवणूक नेमकी अशीच चालते, एखादं पान सांगतं की दुरुस्तीसाठी कीबोर्डवरची विंडोज आणि आर ही बटणं दाबा, पेस्ट करा, एंटर मारा, आणि ती ओळ पासवर्ड चोरणारा प्रोग्राम उतरवून घेते. वाचून कळत नाही अशी लांबलचक ओळ कधीच पेस्ट करू नका, मग ती सख्ख्या मामानं पाठवलेली का असेना.

कमांडच वापरायची तर आधी ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा, ती काही बदलत नाही, फक्त दाखवते. आयपीव्ही४ पुढचा नंबर १९२.१६८ नं सुरू होत असेल तर बहुतेक घरांत राऊटरनं लॅपटॉपला नंबर दिलाय असं समजा. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राऊटरकडून नंबर मिळालाच नाही म्हणून विंडोजनं स्वतःच एक लावून घेतलाय, अशा वेळी वायफाय ‘फरगेट’ करून पासवर्ड परत टाका, राऊटर रिस्टार्ट करा, आणि आयपी सेटिंग ऑटोमॅटिक आहे ना बघा. त्यानंतर प्रॉक्सी (दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेट वापरायची सेटिंग) आणि व्हीपीएन चालू राहिलेत का ते बघा. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये प्रॉक्सी चालू राहिली की घरी नेट बंद, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता आधी तिथेच जाते. आणि घड्याळ. एका मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर एकही साईट उघडत नव्हती, सगळीकडे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’, कोपऱ्यात बघितलं तर तारीख २०१५ ची. आतला बटणासारखा सेल संपला होता. तारीख चुकली की साईटची सर्टिफिकेट, म्हणजे त्यांची मुदतीची ओळखपत्रं, जुळत नाहीत. तारीख नीट केली, तिथल्या तिथे सगळं उघडलं, मग सेल बदलला.

‘फॉरमॅट करा नाहीतर वायफाय कार्ड बदला.’

कार्ड गेलं असेल तर लॅपटॉप कनेक्टच होत नाही, बहुतेकदा सेटिंगमधून वायफायचा पर्यायच गायब होतो. कनेक्ट होऊन हॉटस्पॉटवर चालणाऱ्या लॅपटॉपचं कार्ड बदलायला कोणी सांगितलं तर दुसऱ्या दुकानात जा. फॉरमॅटबद्दल काय बोलू, दहावीच्या प्रोजेक्टसकट फोटो गेलेले मी बघितलेत, आणि दोष गल्लीतल्या केबलचा होता.

तो मेसेज तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका, आणि ज्यांनी पाठवलाय त्यांना निदान एवढं कळवा की मोबाईल डेटा बंद करून फोनवर आधी बघा, आणि पिनेला हात लावू नका.