आधी पाचवं वचन वाचा

गेल्या रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यापासून सासूबाई गप्प होत्या. चहा निवून गेला तरी कपाला हात नाही. दुपारी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे खरं आहे का गं?" वसईच्या कॅथलिक घरात मी नगरहून आलेली प्रोटेस्टंट सून. लाइट गेली की वायरमनला हाक मारतात, तसा बायबलचा प्रश्न आला की मला.

फॉरवर्ड त्यांच्या भाचीकडून आलेला. वर मार्टिन लूथरचं चित्र (सोळाव्या शतकात रोमविरुद्ध उभा राहिलेला, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा जर्मन धर्मगुरू), खाली लाल अक्षरांत 'कॅथलिक बंधुभगिनींनो, वेळ आहे तोवर जागे व्हा'. मजकूर थोडक्यात असा: कॅथलिक लोक सत्कृत्यांनी तारण, म्हणजे पापातून सुटका, विकत घेऊ पाहतात, म्हणून त्यांचं तारण होणार नाही. बायबल फक्त विश्वास सांगतं, कृत्यांना तिथे जागाच नाही. येशूशेजारी वधस्तंभावर मरताना तारण मिळालेल्या चोराने काय केलं होतं? पोप अजून पापमाफी विकतो. पंडिता रमाबाईंनाही कर्मं सोडल्यावरच मुक्ती मिळाली. आणि बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातल्या ६४:६ (अध्याय ६४, वचन ६) प्रमाणे तुमची सेवा, तुमचा दानधर्म, तुम्ही केलेली आजाऱ्यांची शुश्रूषा देवापुढे घाणेरड्या फडक्यासारखी आहे, 'मूळ हिब्रूत तर विटाळाचं कापड'. शेवटी: हा संदेश १० जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल.

म्हणजे कृत्यांनी काही मिळत नाही हे पटवायचं, आणि ते पाठवण्याच्या कृत्याला आशीर्वाद लावायचा. असो.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण सासूबाईंचा चहा त्यानेच निवला. माझे सासरे पक्षाघातानंतर नऊ वर्षं अंथरुणावर होते. कूस बदलणं, पेज भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, रात्री दोनदा उठून चादर बदलणं, हे सगळं या बाईने केलं. नर्स ठेवू म्हटलं तर ऐकलं नाही. घाणेरडं फडकं कसं असतं हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हिब्रूतून शिकावं लागलं. सासूबाईंनी ती नऊ वर्षं धुतली आहेत. आणि आता त्यांचा प्रश्न: "मग ते सगळं देवाने फेकून दिलं?"

हिब्रू शब्दाचा अर्थ बरोबर दिलाय, तेवढं मान्य. पण हे वचन कोण म्हणतंय, कधी म्हणतंय? यशयाचा चौसष्टावा अध्याय हा विलाप आहे. यरुशलेम ओसाड पडलंय, मंदिर जळून गेलंय (तेही त्याच अध्यायात, वचनं १० आणि ११), आणि अख्खी प्रजा देवापुढे रडून कबुली देतेय की आम्ही सगळे बिघडलो, आमचं धर्माचरणसुद्धा मळलं. पश्चात्तापाच्या भरात माणूस स्वतःबद्दल हे बोलतो. हे शेजारणीच्या तोंडावर फेकायचं वाक्य नव्हे. ही कबुली प्रत्येकाने द्यायची आहे, फॉरवर्ड लिहिणाऱ्यानेही, पण तो 'आमची' म्हणत नाही, 'तुमची' म्हणतो.

त्याहून मोठी लबाडी म्हणजे सहाव्या वचनावर बोट ठेवताना पाचवं झाकलं. पाचव्यात तोच विलाप करणारा देवाला म्हणतो की जो आनंदाने नीतीने वागतो, तुझ्या मार्गांवर तुझी आठवण ठेवतो, त्याला तू भेटायला येतोस. सहा अध्याय मागे जा, अठ्ठावन्नाव्यात देव सांगतो की मला आवडणारा उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं, बेघराला घरात घेणं, उघड्याला पांघरूण घालणं. हाच यशया शुश्रूषेला फडकं म्हणेल?

'फक्त विश्वास'वाल्यांचं लाडकं वचन प्रेषित पौलाच्या पत्रातलं, इफिसकरांस २:८-९. कृपेने, विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालं, ते कृत्यांनी नाही, कोणी बढाई मारू नये म्हणून. बरोबर. आमच्या संडे स्कूलमध्ये ते पाठ करून घ्यायचे, आणि दहावंही पाठ करून घ्यायचे, ज्यात लिहिलंय की आपल्याला ख्रिस्तात घडवलं तेच सत्कृत्यांसाठी. इथेही नवव्यानंतर कात्री. शेजारचं वचन कापायची या मंडळींना खोडच दिसते. शिवाय 'केवळ विश्वासाने' हे शब्द जसेच्या तसे मूळ नव्या करारात एकाच ठिकाणी येतात, याकोबाच्या पत्रात, २:२४ मध्ये, आणि तिथे आधी नकार आहे: केवळ विश्वासाने नव्हे. पौलाच्याच पत्रातल्या रोमकरांस ३:२८ मधलं 'केवळ' लूथरने जर्मन भाषांतर करताना घातलं. पौलाच्या म्हणण्यातून ते निघतं असं त्याचं उत्तर होतं. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, मीही त्याच परंपरेत वाढले. पण त्याच लूथरने रोमकरांच्या पत्राच्या प्रस्तावनेत लिहिलंय की विश्वास ही जिवंत, सतत कामात असलेली गोष्ट आहे, आणि विस्तवापासून धग नि उजेड वेगळे काढता येत नाहीत तशी विश्वासापासून कृत्यं वेगळी काढता येत नाहीत. चित्र लावायच्या आधी माणसाने लिहिलेलं वाचावं.

आता मुख्य आरोप, कॅथलिक लोक तारण कमावू पाहतात. कॅथलिक चर्चची ट्रेंट इथली धर्मसभा लूथरच्या विरोधातच भरली होती. १३ जानेवारी १५४७ रोजी तिने या विषयावर निर्णय दिला, त्यातलं पहिलंच कलम असं: ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या देवाच्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कृत्यांनी देवापुढे नीतिमान ठरतो असं जो म्हणेल, तो शापित. फॉरवर्डमध्ये कॅथलिकांच्या गळ्यात जो सिद्धांत घातलाय, तो त्यांनी पावणेपाचशे वर्षांपूर्वीच धिक्कारला. त्याच सभेने 'केवळ विश्वासाने' म्हणणाऱ्यांनाही शाप दिला, हे खरं. भांडण खोटं नव्हतं.

पण ते तिथेच थांबलं नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीत ऑग्सबर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक संघ यांनी नीतिमान ठरवलं जाण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. त्याचा पंधरावा परिच्छेद मी सासूबाईंना मराठीत सांगितला. केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासात, आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देतो, आणि तो आत्मा आपली अंतःकरणं नवी करून आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो. हे दोघांनी मिळून म्हटलंय. २००६ मध्ये प्रोटेस्टंटांमधले मेथडिस्ट त्यात सामील झाले, २०१७ मध्ये लूथरच्याच विटेनबर्गमध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघ, ज्यात आमची सीएनआयही (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहे. सगळे मतभेद मिटले असं नाही, पुण्य आणि शुद्धीस्थान (मेल्यावर आत्मा शुद्ध होण्याची अवस्था) यांवरून अजून वाद आहेत. पण ज्यांच्या नावाने फॉरवर्ड भांडतोय त्यांनी या मुद्द्यावर हात मिळवून पाव शतक उलटलं.

पोप पापमाफी विकतो? विकत होते. १५१७ च्या आसपास टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक गावोगाव इंडल्जन्स, म्हणजे पापाच्या शिक्षेतली सूट, विकत हिंडला. त्या पैशातला वाटा रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाला आणि उरलेला आर्चबिशप आल्ब्रेख्टचं कर्ज फेडायला गेला. लाज वाटावी असंच ते होतं. पण १५६७ मध्ये पोप पाचव्या पायसने पैशाशी बांधलेल्या सगळ्या सवलती रद्द केल्या. इंडल्जन्स अजून आहेत, विक्री नाही. आणि गंमत म्हणजे २०२५ च्या ज्युबिलीत (कॅथलिकांच्या पवित्र वर्षात) आजारी, वृद्ध, कैदी यांना भेटायला जाणं हाही त्यासाठी एक मार्ग ठरवला होता. लूथरच्या इंडल्जन्सविरुद्धच्या ९५ प्रबंधांतला त्रेचाळिसावा तरी काय म्हणतो? गरिबाला देणं हे इंडल्जन्स विकत घेण्यापेक्षा चांगलं काम. फॉरवर्डवाल्याच्या यादीत हेही फडक्यातच गेलं असतं.

एक मात्र मान्य करावं लागेल, नाइलाजाने. 'नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना केली, आता काम व्हायलाच पाहिजे' अशी देवाशी वहीखात्याची भाषा मी वसईत ऐकली आहे. आणि दशमांश कोण किती देतो याची कुजबुज नगरच्या चर्चच्या पायऱ्यांवरही ऐकली आहे. हा रोग दोन्हीकडचा.

चोराचं काय? त्याला जगायला काही तास होते. तेवढ्यात त्याने सोबत्याला दटावलं, आपला गुन्हा कबूल केला आणि शिष्य पळून गेलेले असताना येशूला निर्दोष म्हटलं. लूक २३ पुन्हा वाचा.

रमाबाईंबद्दल अर्धं खरं. त्यांनी स्वतःच लिहिलंय की १८८३ च्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता. पण तो मिळाल्यावर बाई हात बांधून बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, केडगावला त्यांची सोय केली, आणि त्या जागेला नाव दिलं मुक्ती.

हे सगळं मी घरच्या ग्रुपवर टाकलं, तर पाच मिनिटांत दिरांचं आलं: 'सांग तुझ्या लूथरला, याकोबाचं पत्र बायबलमधून काढून टाकलं त्याने.' नाही काढलं, भाऊजी. १५२२ मध्ये त्याला पेंढ्याचं पत्र म्हणाला, नव्या कराराच्या शेवटाकडे सरकवलं, पण ठेवलं. जर्मन बायबल उघडून बघा.

संध्याकाळी सासूबाईंना अक्षरं मोठी करून यशयाचा चौसष्टावा अध्याय काढून दिला. चष्मा लावून त्यांनी सावकाश वाचला, पाचव्यावर थांबल्या, बोट ठेवून परत वाचला. मग भाचीला फोन लावला आणि तिने ते वचन वाचलं होतं का म्हणून विचारलं. पलीकडून आवाज मलाही ऐकू आला: "मावशी, मी कुठे अख्खा मेसेज वाचला? दहा जणांना पाठवा लिहिलं होतं, म्हणून पाठवला."