‘हे पुण्या-मुंबईचं खूळ’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ,

पुरुषांनी मनाच्या डॉक्टरकडे जायला लाजू नये, असं मी लिहिलं आणि जळगाव जिल्ह्यातल्या रावेरहून तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. बाकीच्यांसाठी थोडक्यात: हे पुण्या-मुंबईचं खूळ आहे, तासाला हजार-दीड हजार मोजायची इथे कोणाची ऐपत, मोजले तरी तालुक्याला थेरपिस्ट, म्हणजे बोलण्यातून उपचार करणारा, बसलाय कुठे, सिव्हिलला गेलं की गावभर होतं, आणि मोकळं व्हायला आपल्याला मित्र आणि भरीत पार्ट्या पुरेशा आहेत. शेवटी दोन ओळी मेहुण्यांबद्दल आहेत. वादळात केळी आडवी झाल्यापासून ते घरात कोणाशी धड बोलत नाहीत, पण ‘असल्या’ डॉक्टरकडे येणार नाहीत, असं तुम्ही म्हणता. एवढं लांब उत्तर त्या दोन ओळींसाठी लिहितोय.

भरीत पार्टीचा मीही भोक्ता आहे. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, सोबत पुऱ्या, याला तोड नाही. पण मागच्या पार्टीत बोलणं काय झालं ते आठवा. केळीचा भाव, विम्याचे पैसे कोणाचे आले नि कोणाचे अडकले, ग्रामपंचायत. मध्येच एखादा चुकून म्हणतो, ‘हल्ली झोपच लागत नाही यार.’ त्यावरचं उत्तर ठरलेलं: ‘एक मार, लागते झोप.’ लागतेही. मग पहाटे तीनला डोळा उघडतो तो उघडतोच. दारूनं डोळा लवकर मिटतो, पण झोप मोडते, आणि खचलेला माणूस आणखी खचतो. मित्र वाईट नसतात हो, त्यांच्याकडे जे औषध असतं ते देतात.

खर्चाचं म्हणाल, तर तो आताही होतोच, फक्त दुसऱ्या काउंटरवर. माझ्या नात्यातला एकजण पिकअप चालवतो. चालत्या गाडीत छातीत धडधड, हाताला मुंग्या, दरदरून घाम. आता गेलो, असंच वाटायचं. ईसीजी झाला, टूडी इको झाला, थायरॉइड तपासलं. ‘गॅस’ म्हणून गोळ्या, ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन. रिपोर्ट सगळे नॉर्मल. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टनंतर तो जास्तच घाबरायचा, कारण मग होतंय काय, हे कोणी सांगत नव्हतं. ती फाइल तो गाडीतच ठेवायचा, रस्त्यात काही झालं तर लोकांना सापडावी म्हणून. शेवटी एका फिजिशियननंच मानसोपचारतज्ज्ञाच्या नावानं चिठ्ठी दिली. पॅनिक अटॅक, म्हणजे एकाएकी उसळणाऱ्या भीतीचे झटके, निघाले. गोळ्या आणि बोलणं दोन्ही चाललं, आज गाडी चालवतोय. (छातीत दुखलं तर ईसीजी आधी काढायचाच, त्यात हयगय नको.) त्या फाइलवर किती गेले, याचा हिशेब घरात कोणी मागितला नाही. मनाच्या डॉक्टरची फी मात्र अजून बोलण्यात निघते.

पुरुषांचं दुखणं बरेचदा असंच आडवाटेनं येतं: पाठ, पोट, ॲसिडिटी, चिडचिड, बाटली. रडणारा दिसला की आपण विचारपूस करतो; चिडणाऱ्याला ‘डोकं फिरलंय’ म्हणून सोडून देतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यात १,२२,७२४ पुरुष होते. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा. हे पुण्या-मुंबईचं खूळ नव्हे.

‘बसलाय कुठे’ हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. तालुक्याला बहुतेक कोणी नसतोच. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मानसोपचाराच्या ओपीडीची चौकशी तिथे करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक तालुक्याला येतं का, कोणत्या वारी येतं, हे ग्रामीण रुग्णालयात विचारा. फोनवर बोलायचं तर टेलि-मानस आहे: १४४१६, सरकारी, फुकट, दिवसरात्र, मराठीतही. खासगीत जाणार असाल तर पाटीवरची डिग्री वाचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेला; गोळ्या तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतो, गोळ्या देत नाही, पण भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंद हवी. नंबर बिनधास्त विचारा. काउन्सेलरची पाटी कोणीही लावतो, म्हणून शिक्षण कुठे झालं, कोणाच्या हाताखाली काम केलं, हे विचारा. ‘एका बैठकीत संमोहनानं बरं करतो’ म्हणणाऱ्याच्या दारातूनच माघारी फिरा. व्हिडिओ कॉलवर पुण्याचा थेरपिस्टही मिळतो. फी कमी होईल का, हे विचारण्यात कमीपणा नाही, पुष्कळजण करतात.

नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या, मराठी नव्हे तर पावरी-भिली या आदिवासी बोली बोलणाऱ्या माणसाला यातलं निम्मं उपयोगाचं नाही. तिथे तुमचा आक्षेप मला शब्दशः मान्य.

गावभर होण्याचं काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, पण तो कायदा रांगेतल्या शेजाऱ्याचं तोंड बंद करत नाही. म्हणून सरळ दुसऱ्या गावी जा. रावेरच्या माणसानं भुसावळ गाठलं तर सासरवाडीला चाललाय की दवाखान्यात, कोण बघतंय?

आता मेहुणे. त्यांना ‘मनाचा डॉक्टर’ म्हणूच नका. झोप उडालीय ना, मग ‘झोपेसाठी दाखवू’ म्हणा; ते खोटंही नाही. एकटे असताना स्पष्ट विचारा, जीव नकोसा होतो का, काही करून घ्यावंसं वाटतं का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाले तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. फवारणीची औषधं उत्तराची वाट न पाहता आजच घरातून आणि शेतातल्या खोलीतून हलवा, भाऊबंदाकडे कुलपात ठेवा. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. ‘काही फरक नाही’ म्हणून आठव्या दिवशी बंद करू देऊ नका, आणि बरं वाटलं म्हणून परस्परही नाही. पहिल्या डॉक्टरशी सूर जुळला नाही तर दुसरा बघा.

ते तयार होईपर्यंत बहिणीला सांगा, १४४१६ ती स्वतःही लावू शकते. घरच्यांनी कसं वागावं, हे तिथे विचारता येतं. जळगावला न्याल तेव्हा सकाळी लवकर निघा, आणि केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा, त्यांना बाकावर बसू द्या.