जुन्या साडीला कसला आलाय टॅक्स? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, जुने कपडे विकण्यावरच्या कराबद्दल मी लिहिलं, त्यावर ‘घरबसल्या चार पैसे कमावणाऱ्या बायकांना उगाच घाबरवता. बोहारणीने कधी जीएसटी भरला होता का?’ असं तुम्ही लिहिलंय. बोहारणीचं आधी सांगते. भांड्यांच्या बदल्यात कपडे घेणं हाही जीएसटीच्या दृष्टीने व्यवहारच. तिची उलाढाल लहान आणि धंदा गल्लीतला, म्हणून ती सुटते.

स्वतःच्या कपाटातल्या कपड्यांबद्दल मात्र तुमचं अगदी बरोबर आहे. लग्नातला पाच हजारांचा शालू आज आठ हजारांना गेला तरी भांडवली नफ्याचा (मालमत्ता विकून झालेल्या फायद्याचा) कर लागत नाही, कारण आयकर कायदा वापरातले कपडे भांडवली मालमत्तेत धरतच नाही. (कपड्यावर सोन्याचे दागिने किंवा हिरे-माणकं शिवलेली असतील, तर ती दागिन्यांतच मोजली जातात. कायदा लिहिणाऱ्याने कपाट नीट पाहिलेलं दिसतंय!) शिवाय हा धंदा नाही, त्यामुळे जीएसटीही नाही.

पण पुढे तुम्हीच लिहिता, की मैत्रीण ओळखीपाळखीतून कपडे विकत घेते, ड्रायक्लीन करते आणि इन्स्टावर विकते. विकण्यासाठी घेतलं की तो धंदा झाला, मग माल जुना असो की नवा. त्यातला नफा धंद्याचं उत्पन्न. पैसे यूपीआयने येत असतील तर विक्रीच्या 6 टक्के नफा धरून रिटर्न भरायची सोय आहे, हिशेबाच्या वह्यांची कटकट नाही. दुसऱ्यांचे कपडे कमिशनवर विकून देत असेल, तर त्या कमिशनला ही सोय नाही.

खरी गोम जीएसटीत आहे. ‘40 लाखांपर्यंत काही नाही’ हे सगळ्यांना पाठ असतं. ती वर्षाच्या उलाढालीची मर्यादा राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यांना. तिचं पार्सल कोल्हापूरहून बेळगावला गेलं, की पहिल्याच विक्रीपासून नोंदणी सक्तीची! शॉपिंग अ‍ॅपवरून विकलं तरी 1 ऑक्टोबर 2023 पासूनची नोंदणीतली सवलत राज्यांतर्गत विक्रीपुरतीच आहे, आणि त्यासाठीही जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

नोंदणी झाली म्हणजे आभाळ कोसळत नाही. जुन्या मालाला खरेदी-विक्रीच्या फरकावर कर भरता येतो, अट इतकीच की खरेदीवर इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलेलं नसावं. 700 ला घेतलेलं डेनिम जॅकेट 1100 ला विकलं, तर कर 400 वर. अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला दर 5 टक्के, म्हणजे 20 रुपये. तोट्यात गेलं तर शून्य. धुणं, इस्त्री, बटण लावणं चालतं. पण साडी फाडून अनारकली शिवली की वस्तूच बदलली, मग कर पूर्ण किमतीवर.

‘फर्स्ट कॉपी’ बॅगांचे फोटोही त्याच पेजवर आहेत म्हणता, त्या आजच उतरवायला सांगा. अस्सल ब्रँडचा जुना माल विकायला आडकाठी नाही. नकली माल जुना असला तरी ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हाच, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद.

आणि हो, कपडा कोणाकडून केवढ्याला घेतला याची चिठ्ठी, निदान व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज, तिने जपून ठेवावा. खरेदीचा पुरावा नसेल तर फरक दाखवणार कशावरून?