प्रश्न मुलांचे असू द्या

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, ज्यांना वेळ असेल त्यांनी वाचा.

भाची पाचवीत आहे. तिच्या शाळेत आज एक बालसाहित्यिक येणार होते, पालकांनाही बोलावलं होतं. बहिणीला सुट्टी मिळाली नाही म्हणून मी गेले. पोरीने त्या लेखकांचं पुस्तक गेल्या काही दिवसांत इतक्यांदा वाचलंय की त्याची पानं सुटायला आलीत. त्यात एक मांजर आहे. ती शेवटाकडे घर सोडून निघून जाते आणि पुढे तिचं नावही येत नाही. भाचीने वहीचं पान फाडून त्यावर प्रश्न लिहून नेला होता: ‘मांजर कुठे गेली हे तुम्हाला माहीत आहे पण सांगायचं नव्हतं, की तुम्हालाच माहीत नाही?’

मोठमोठ्या चर्चासत्रांत मी याच्या निम्म्यानेही चांगला प्रश्न ऐकलेला नाही. लिहिणाऱ्याला आपल्या गोष्टीतलं किती ठाऊक असतं, हे दहा वर्षांच्या मुलीला विचारायचं होतं.

तिला तो विचारता आला नाही. प्रश्न आधीच ठरले होते. काही ‘चुणचुणीत’ मुलं निवडून त्यांच्याकडून प्रश्न पाठ करून घेतले होते. तुम्हाला लेखनाची प्रेरणा कोणाकडून मिळाली? लहानपणी तुमचे छंद कोणते होते? आजच्या मुलांना तुम्ही काय संदेश द्याल? मुलं न अडखळता बोलली, शिक्षक मागून ओठ हलवत होते. सगळी शाळा एका सभागृहात, मागच्या रांगांपर्यंत आवाज पोचत नव्हता. स्वागत, परिचय, सत्कार, मनोगत, आभार. या सगळ्यातून लेखकांच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास आला आणि तो संदेश देण्यात गेला. भाचीने हात वर केला होता. एका बाईंनी लांबूनच खूण करून तो खाली घ्यायला लावला.

मला सांगा, हे कोणासाठी होतं? लेखकासाठी नव्हतं, त्याला आपला वाचक भेटलाच नाही. मुलांसाठी तर नव्हतंच. फोटोंसाठी होतं. संध्याकाळी शाळेच्या पानावर ते आलेही.

मी स्वतः भाषा शिकवते. त्यामुळे ‘तुम्हाला शाळांच्या अडचणी कळत नाहीत’ असं कृपा करून कोणी लिहू नका. मला कळतात. आणि लेखक वर्गात आला की काय होऊ शकतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून राग जास्त येतोय.

आमच्या शाळेत बऱ्याच वर्षांपूर्वी एक लेखिका आल्या होत्या. त्यांनी फोनवरच अट घातली होती, एकच वर्ग, एका वेळी. मंच नको, माइक नको. आल्या, मुलांच्यात खाली बसल्या आणि म्हणाल्या, “आज खोटं लिहायचं. पण असं खोटं, की ऐकणाऱ्याला क्षणभर खरं वाटलं पाहिजे.” माझ्या त्या वर्गात एक मुलगा होता. निबंधाच्या तासाला तो तारीख लिहायचा, विषय लिहायचा, त्याखाली रेघ मारायचा आणि थांबायचा. त्या दिवशी त्याने दोन वाक्यं लिहिली: ‘आमच्या घरात एक खोली आहे तिला दार नाही. आतून रेडिओ ऐकू येतो.’

लेखिकाबाईंनी ते वाचलं. ‘छान’ म्हणाल्या नाहीत. शाबासकी नाही, टाळ्या नाहीत. त्यांनी विचारलं, “रेडिओवर काय लागलेलं असतं?”

बस. तो मुलगा विचारात पडला. खरोखर विचारात पडला, कारण समोरच्या मोठ्या माणसाला ते खरंच जाणून घ्यायचं होतं. मग तो लिहीत राहिला. तास संपल्याची घंटा झाली तरी मान वर केली नाही.

हे त्या एका बाईंचं कौशल्य म्हणून सोडून देऊ नका. हे शिकता येतं, आणि लोकांनी ते फार पूर्वी करून दाखवलंय. केनेथ कोक हा अमेरिकन कवी १९६८ साली न्यूयॉर्कच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत, पी. एस. ६१ मध्ये, मुलांबरोबर कविता लिहायला लागला. त्याने मुलांना काय दिलं? प्रत्येक ओळीची सुरुवात ‘मला वाटतं की असं व्हावं’ने करा. नाहीतर प्रत्येक ओळीत एक खोटं सांगा. यमक जुळलंच पाहिजे असं नाही, शुद्धलेखनाची आत्ता काळजी नको. एवढंच. विषय न देता त्याने मुलांना सुरुवात दिली. आपण नेमकं उलटं करतो. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा विषय देतो, खाली मुद्दे देतो, सुविचाराने शेवट करायला सांगतो, आणि मग पन्नास वह्यांत एकच निबंध तपासत बसतो.

आणि इटलीचा जान्नी रोदारी. त्याला १९७० साली, परीकथा लिहिणाऱ्या हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या नावाचा पुरस्कार मिळाला, म्हणजे मुलांसाठी लिहिणाऱ्याला जगात मिळू शकणारा सगळ्यात मोठा मान. त्यानंतर १९७२ च्या मार्चमध्ये तो रेज्जो एमिलिया या गावात गेला आणि आठवडाभर बसला. कोणाबरोबर? शिक्षकांबरोबर. गोष्ट कशी जन्माला येते यावर रोज त्यांच्याशी बोलला. त्याचा एक खेळ मी वर्गात नेहमी घेते: फळ्याच्या दोन बाजूंना दोन मुलांनी एकमेकांचं न बघता एकेक शब्द लिहायचा. एकीकडे ‘कुत्रा’, दुसरीकडे ‘कपाट’. आता या दोघांची गाठ घाला. कुत्र्याचं कपाट, कपाटावरचा कुत्रा, कुत्र्याच्या आतलं कपाट. एरवी तोंड न उघडणारी मुलं या खेळात एकमेकांचं बोलणं तोडून बोलतात. याला खडू आणि फळा लागतो. सभागृह लागत नाही.

तो रेडिओवाला मुलगा याच खेळात पुढे सगळ्यांच्या वरताण निघाला. त्या बाई एकदाच येऊन गेल्या, पण दारावाचूनची खोली त्याच्या वहीत कितीतरी दिवस वाढत होती. रेडिओवर फक्त हवामानाचा अंदाज लागतो, आणि तोही कालचा. हे त्याचं त्याला सुचलेलं. मी फक्त वाचत होते आणि विचारत होते, पुढे काय?

आता पुढचं ऐका, कारण माझा खरा राग इथे आहे.

ती गोष्ट शाळेच्या वार्षिकांकात घ्यायचं ठरलं. मला केवढा आनंद झाला होता. अंक छापून आला तेव्हा बघते तर कोणीतरी त्याच्या खोलीला दार बसवलं होतं! ‘आमच्या घरात एक खोली आहे, तिचे दार नेहमी बंद असते.’ दार नसलेली खोली असूच शकत नाही, मुलाकडून चुकून लिहिलं गेलं असणार, असं त्या संपादकांना वाटलं. शेवटी एक ओळही जोडली होती, रेडिओ ऐकताना अभ्यासाकडे दुर्लक्ष करू नये अशा अर्थाची. त्या मुलाने अंक उघडला, वाचला, मिटला आणि मला म्हणाला, “बाई, ही माझी नाहीये.” त्याच्या आवाजात तक्रारही नव्हती. चुकून दुसऱ्याची वही हातात आल्यासारखी त्याने ती परत दिली.

त्यानंतर तो वर्गात लिहायचा, पण मला दाखवायचा नाही.

म्हणून कार्यशाळेच्या नावाखाली काहीही चाललेलं मला सहन होत नाही. मुलाने जे लिहिलं त्याला मोठ्यांनी दार बसवायचं नाही. विचारायचं, ऐकायचं, हवं तर ‘हे मला कळलं नाही’ म्हणायचं. शुद्धलेखन शिकवायला हवंच, मान्य आहे, मीच शिकवते ते. पण त्याच तासाला, त्याच कागदावर, लाल पेनने नाही. आधी त्याला काहीतरी म्हणू तर द्या. आणि स्पर्धा कशाला? कार्यशाळा संपता संपता पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक आणि उत्तेजनार्थ दोन. लिहायला नुकती सुरुवात केलेल्या पोरांना तासाभरात सांगून टाकायचं की तुझं त्याच्यापेक्षा कमी. उरलेल्या सगळ्यांनी काय शिकायचं यातून?

लेखक मंडळींनाही सोडणार नाही. माझ्या इथल्या मित्रयादीत तुम्ही बरेच आहात. तुमच्यातले काहीजण शाळेत येतात आणि स्वतःच्या आयुष्याची कहाणी सांगून जातात. मी किती हालअपेष्टा काढल्या, किती पुरस्कार मिळाले, मोबाइल वाईट आहे, वाचाल तर वाचाल. अहो, मुलांनी तुमचं पुस्तक वाचलंय! त्यांना त्यातल्या माणसांविषयी बोलायचंय. तुम्ही खोडलेलं पान त्यांना दाखवा. पहिला खर्डा किती वाईट होता ते दाखवा. छापलेलं पुस्तक बघून मुलांना वाटतं की हे असंच्या असं डोक्यातून उतरलं. चार रंगांच्या शाईने बरबटलेला कागद बघितला की त्यांना धीर येतो, हे मी वर्गात पाहिलंय. आणि मोठ्याने वाचून दाखवा. लेखकाच्या आवाजात त्याचीच गोष्ट ऐकणं यासारखं दुसरं काही नाही, आणि नेमकं त्यालाच कार्यक्रमात वेळ नसतो.

पण लेखकांवर एवढं तोंड टाकलं तर हेही लिहायला हवं. त्यांना मानधन द्या. ‘मुलांसाठी आहे, तुम्ही नाही म्हणणार नाही’ हे वाक्य मी शाळांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की शरम वाटते. मंडपाला पैसे असतात, ध्वनिक्षेपकाला असतात, छायाचित्रकाराला असतात. ज्याच्यासाठी हे सगळं उभं केलं त्याला पुष्पगुच्छ. जर्मनीत फ्रीडरिश ब्योडेकर यांच्या नावाची संस्था १९५४ पासून लेखकांना शाळांमध्ये वाचनासाठी पाठवते आहे. तिथे लेखकाचं शाळेत जाणं हे काम मानलं जातं आणि कामाचे पैसे मिळतात. आपण उपकार मागतो आणि मग उपकारासारखंच वागवतो. काही शाळांकडे खरंच पैसा नसतो, हेही खरं. अशा दोन-तीन शाळांनी मिळून एका लेखकाला बोलवावं, एवढं तर जमेल.

आणि हे वर्षातून एकदाच का? २ एप्रिल, अँडरसनचा जन्मदिवस, १९६७ पासून जगभर बालपुस्तक दिन म्हणून पाळतात. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन. तारीख जवळ आली की सगळ्यांना एकदम लेखक हवे असतात आणि नंतर वर्षभर कोणाला त्यांची आठवण येत नाही. दिवस पाळायला माझी हरकत नाही. पण लेखक एकदा येऊन गेल्यावर मुलांनी जे लिहिलं ते त्याने पुन्हा येऊन वाचलं, तर त्या भेटीला अर्थ आहे. पुन्हा येणं जमत नसेल तर पत्र लिहावं. मुलं उत्तराची वाट बघतात हो. फार बघतात.

सभागृहातल्या कार्यक्रमातूनही एखाद्या मुलाला काहीतरी मिळून जातं असं कोणी म्हणेल. मिळत असेल. लेखक हा जिवंत, चष्मा लावणारा, खोकणारा माणूस असतो हे दुरून दिसलं तरी काही मुलांना पुरतं. पण आज हात खाली घ्यायला लावलेल्या मुलीला काय मिळालं, ते मला सांगा.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरलाय. शिक्षकांना मी आज फार बोलले. त्या लांबून खूण करणाऱ्या बाईंचंही मला कळतं. वेळ संपत आली होती, वरून नजर होती, मागचे वर्ग कुजबुजत होते. आपल्यापैकी कितीजणांना कोणी ‘रेडिओवर काय लागलेलं असतं’ असं कधी विचारलं होतं? आपल्यालाही मुद्देच दिले होते. म्हणून मला वाटतं, लेखक आले की शिक्षकांनी मागे बसून वह्या तपासू नयेत. मुलांबरोबर बसून लिहावं. आपली बाई पण खोडतेय, तिलाही पुढचं सुचत नाहीये, हे मुलांना दिसू द्यावं. त्या दिवशी लेखिकाबाईंनी मलाही कागद दिला होता. माझं खोटं त्या मुलाच्या जवळपासही पोचलं नव्हतं, आणि ते वर्गाला वाचून दाखवताना मला फार बरं वाटलं होतं.

तर आता कामाचं. आमच्या शाळेत पुढच्या सत्रात एक लेखक यायचेत आणि या वेळी आखणी माझ्याकडे आहे. एक वर्ग, दोन तास. पुस्तकाच्या प्रती महिनाभर आधी वर्गात ठेवणार, सगळ्यांचं वाचून होईपर्यंत. प्रश्न मुलांचे, ते मी आधी बघणारसुद्धा नाही. सत्कार नाही, क्रमांक नाहीत. मुलांनी लिहिलेलं जसंच्या तसं भिंतीवर, आणि ज्याला लावायचं नाही त्याने लावू नये. मानधन आधी ठरवून, त्याच दिवशी हातात. मुख्याध्यापकांना हे सगळं लेखी देणार आहे आणि ‘इतर वर्गांनी काय पाप केलंय’ हा प्रश्न येणार, हेही मला माहीत आहे. इतर वर्गांसाठी दुसरे लेखक बोलवू, असं उत्तर तयार आहे.

त्यासाठी मला नावं हवीत. यादीतल्या लिहिणाऱ्यांनो, एका वर्गात दोन तास जमिनीवर बसायला आणि मुलांनी लिहिलेलं वाचायला पुन्हा एकदा यायला कोण तयार आहे? मेसेंजरवर कळवा. आणि ज्यांनी शाळेत असताना लेखकाला विचारायचा म्हणून प्रश्न लिहून नेला होता आणि तो खिशातच राहिला, त्यांनी तो खाली लिहा. मी वर्गात वाचून दाखवेन.